तुरीची पुरचुंडी

आमच्या गावात कुणाला घरची जनावरं किती असं विचारलं, तर खरा आकडा कधीच ऐकायला मिळत नाही. वीस असली तर 'हायेत पाच-सहा', दहा असली तर 'हायेत की चार-दोन'. आपण खोटं बोलतोय असं यात कुणाला वाटत नाही. भरल्या कोठ्याचा, गोठ्याचा म्हणा, आकडा तोंडानं उच्चारला की दृष्ट लागते, एवढी साधी गोष्ट आहे. विचारणाऱ्यालाही ती ठाऊक असते. तो मान हलवतो आणि मनातल्या मनात तिप्पट करून घेतो.

माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, यात सगळ्यांच्या पुढं. मी तिसरीत असताना एकदा संध्याकाळी उंबऱ्यावर बसून आत येणाऱ्या शेळ्या मोठ्यानं मोजल्या होत्या. मोजायला येतंय याची नवी नवी हौस होती. चौदापर्यंत पोचले आणि पाठीत असा धपाटा बसला की पंधरा गिळूनच टाकला. त्याच आठवड्यात एक गाभण शेळी ज्वारीचा कोवळा फुटवा खाऊन पोट फुगून मेली. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही. पण मी आयुष्यात पुन्हा जित्राब मोजलं नाही, मोजलं ते फक्त एकदाच, आणि ते कसं ते पुढं सांगते.

मग आत्याला एखादी हरवली तर कसं कळायचं? ती नावानं हाक मारायची. आमच्याकडच्या शेळ्या सगळ्या काळ्याभोर, बाहेरच्याला एकीतून दुसरी ओळखू येत नाही. आत्याला अंधारातसुद्धा यायची. भुंडी, चांदी, लाडकी, तिरकी, कानफाटी, सासूबाई. होय, सासूबाई नावाची शेळी होती, सगळ्यांना ढुशा मारणारी. दारात उभी राहून आत्या नावं घेत जायची आणि ज्या नावाला कुणी आत शिरलं नाही, तिला शोधायला परत निघायची.

आत्या लग्नानंतर दीड वर्षात माहेरी परत आली होती. नवऱ्यानं दुसरी केली. येताना तिनं दावं धरून एक शेळी आणली, बाकी काही आणू दिलं नाही. पुढचं सगळं त्या एका शेळीचं. तिच्या नावावर ना शेत होतं ना घर. माझे वडील तिला काही कमी पडू देत नव्हते, पण भावाच्या ताटात जेवणं आणि आपल्या शेळीचं दूध घालून भावाला चहा देणं यात फरक असतो, असं ती म्हणायची. आणि शेळ्या जगत होत्या त्या गायरानावर. बेंबळीच्या पलीकडं आमचं गाव, आणि गावाच्या उशाला माळ: बोरी, बाभळी, हिवर, कुसळाचं गवत आणि एक झिरपा, जमिनीतून पाझरणारं पाणी, जे उन्हाळा सरेपर्यंत तग धरतं. गायरान गेलं की आत्याच्या शेळ्या गेल्या, आणि शेळ्या गेल्या की आत्या पुन्हा ती दीड वर्षात परत आलेली बाई. हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण घरात सगळ्यांना कळत होतं.

पुण्यात शेतीचं शिकून मी गावी परतले तेव्हा हाताला काम नव्हतं. तेवढ्यात एका संस्थेचे सर गावात आले. त्यांना गावातच राहून काम करणारं माणूस हवं होतं. पस्तिशीतले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांचं काम ऐकून मला आधी हसूच आलं. ते म्हणाले, आम्ही संगणकात तुमचं गाव करणार. प्रत्येक घर, प्रत्येक शेळी, प्रत्येक पाणवठा त्यात असणार. पाऊस कमी झाला तर गवत किती येतं, गवत कमी आलं तर माणूस काय करतो, शेळी विकतो का पाहुण्याकडं चारायला धाडतो, आणि त्यानं पुढच्या वर्षी माळाचं काय होतं, हे सगळं आधी संगणकात घडवून बघायचं. माणसाचं आणि निसर्गाचं एकमेकांशी कसं चालतं हे समजलं, की माळ कसा राखायचा ते गावालाच ठरवता येईल.

मी भाळले, खोटं कशाला बोलू. आमच्या गावात साहेब येतात ते सांगायला येतात. हा माणूस विचारायला आला होता. आमच्या ओट्यावर बसून मोज्यात घुसलेली कुसळं काढत काढत तो आत्याला तासतास विचारायचा. शेळी आधी काय खाते? बोरीचा पाला का बाभळीच्या शेंगा? का? उन्हाळ्यात झिरप्यावर आधी कुणाचं जनावर जातं? का? आत्या एकदा म्हणाली, "सायेब, आमच्या गायरानात मोजे चालत न्हाईत," आणि स्वतःच त्यांच्या मोज्यातली कुसळं उपटायला बसली. शेळीच्या दुधाचा चहा प्यायला पुण्याची माणसं नाकं मुरडतात. हे दोन-दोन कप प्यायचे. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा?

आत्यानं मात्र पहिल्याच दिवशी मला कोठ्यात गाठून विचारलं होतं, "हे कशापाई चाललंय?"

"माळ राखायसाठी, आत्या. गवत वाढवायचंय."

"कुणी सांगितलं?"

"सरांनीच सांगितलं."

"मग ठीक हाय," ती म्हणाली. माझ्या शब्दावर म्हणाली, सरांच्या नाही.

दिवाळीनंतर, गवत वाळायला लागल्यावर, शाळेच्या पटांगणात नकाशाचा कार्यक्रम ठेवला. रांगोळीनं मी स्वतः गाव काढलं. ओढा, रस्ता, वस्त्या, आणि वरच्या बाजूला गायरानाचा मोठा हिरवा तुकडा. गाईला ज्वारीचा दाणा, म्हशीला हरभऱ्याचा, शेळीला तुरीचा. ज्यानं त्यानं यायचं आणि आपलं जनावर जिथं चरतं तिथं तेवढे दाणे ठेवायचे. लोकांना मजा वाटली. बाया पदर सावरत, एकमेकींना ढकलत पुढं आल्या. आणि मग जे व्हायचं तेच झालं. चार गल्ल्यांना माहीत असलेल्या वीस शेळ्यांच्या धन्यानं पाच दाणे ठेवले. त्याच्या भावकीतल्यानं तीन. "तुझी करडं काय हवा खात्यात व्हय?" कुणीतरी चिडवलं, आणि सगळे हसले, पण सहावा दाणा काही पडला नाही. आत्या आली, हिरव्या तुकड्यावर वाकली आणि आठ दाणे ठेवून हसत उभी राहिली. सरांच्या माणसानं नेमका तेव्हा फोटो काढला.

मीही हसत होते. पण हसता हसता लक्षात आलं. हे आकडे असेच संगणकात गेले तर माळावर कुणी फिरकतच नाही असं दिसेल. कार्यक्रम आटोपल्यावर मी सरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. दृष्टीचं, धपाट्याचं, 'चार-दोन'चं. त्यांनी डायरी उघडली आणि माझ्यासमोर लिहून घेतलं. "हे फार मोलाचं सांगितलंस," ते म्हणाले. "खरे आकडे मिळवता येतील? तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा."

विश्वास आहे त्यांचा. हे शब्द मला नंतर फार दिवस झोंबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माळावर गेले. शेळ्या हिवराखाली बसून रवंथ करत होत्या. आत्या भाकरी सोडत होती. मी समजावलं, चिडले, हात जोडले. आत्यानं भाकरी परत फडक्यात बांधली. मग म्हणाली, "आकडा म्या तोंडानं सांगायची न्हाय." संध्याकाळी तिनं मला हाक मारली. एका हातात तूर, समोर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरलेला. एकेक नाव घेत ती एकेक दाणा टाकत गेली. भुंडी. चांदी. सासूबाई. शेवटच्या नावानंतर तिनं फडक्याची गाठ मारली आणि पुरचुंडी माझ्या हातात दिली. "तूच मोज. मनात मोज. आन त्येला दे."

मी मनात मोजले. सत्तावीस.

आत्यानं दिलं म्हटल्यावर गल्लीतल्या बाया तयार झाल्या. चार दिवसांत माझ्याकडं अकरा पुरचुंड्या आल्या. कुणी पोराच्या शर्टाच्या तुकड्यात बांधलेली, कुणी पोलक्याच्या. कुठली कुणाची ते मी कागदावर लिहिलं नाही, फडक्यावरून ओळखत होते. शाळेच्या व्हरांड्यात बसून सरांपुढं मी त्या एकेक सोडल्या, मोजून दाखवल्या, परत बांधल्या. त्यांनी त्या पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "तू नसतीस तर हे मॉडेल खोटं ठरलं असतं." त्या दिवशी मी घरी गाणं गुणगुणत आले होते. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

महिन्याभरानं शाळेच्या भिंतीवर पडदा लावून त्यांनी गाव दाखवलं. खरंच आमचं गाव. टेकडी ओळखू येत होती, झिरपा निळा होता, शेळ्या म्हणजे काळे ठिपके, आणि वर्षं सरकत होती तसं गवत पिवळं-हिरवं होत होतं. लोक खूश. कुणीतरी बोट दाखवलं, "ती बघ, तुझी भुंडी." मला ठिपके कमी वाटले. आमच्या घरापासून निघणारे मोजले तर आठ. मी सरांच्या कानाशी जाऊन विचारलं. "हा जुना प्रयोग आहे," ते म्हणाले, "नवे आकडे भरणं चालू आहे." मी मान हलवली आणि माझ्या जागी जाऊन बसले. तिथंच खोदून विचारायला हवं होतं. पण मला त्या दिवशी सुखात राहायचं होतं, म्हणून विचारलं नाही.

त्यानंतर सर आले नाहीत. फोन केला तर आधी 'मीटिंगमध्ये आहे', मग 'पुढच्या आठवड्यात बोलू', मग नुसतीच रिंग. मला वाटलं, कामात असतील. माणूस आपल्याच मनाला किती वेळ समजावू शकतो ते मला तेव्हा कळलं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला ग्रामसभा लागली. विषय: गायरानावर सोलर. तालुक्याहून साहेब आले होते, कंपनीची दोन माणसं होती, आणि तोच पडदा, तीच भिंत. पडद्यावर माझी रांगोळी आली. खाली लिहिलं होतं की या जमिनीचा चराईसाठी वापर अत्यल्प आहे. एका कोपऱ्यात स्थानिक समन्वयकाचे आभार. स्थानिक समन्वयक म्हणजे मी.

मी उठले आणि हे आकडे खोटे आहेत असं सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, अभ्यास झालेला आहे. लोकांनी स्वतः दाणे ठेवलेत." मी म्हणाले, चला आत्ता माळावर, स्वतः बघा. ते म्हणाले, त्याची गरज नाही, हवं तर इथं कुणाला काही सांगायचं असेल त्यानं सांगावं. मी लोकांकडं वळले. बोला ना. ज्याच्या वीस होत्या तो पायाकडं बघत म्हणाला, "आमच्या हायेत की पाच-सहा." मला त्याचा गळा धरावासा वाटला. चारशे माणसांच्या पुढं तो दुसरं काय बोलणार होता, हे कळत होतं, तरीही वाटला.

आणि मग बायांच्या घोळक्यातून आत्या उठली. डोक्यावरचा पदर तिनं पुढं ओढून घेतला. "माझ्या सत्तावीस हायेत," ती म्हणाली.

आमच्या बाजूची एक म्हातारी पुटपुटली आणि तिनं कानशिलावर बोटं मोडली. आत्याच्या तोंडून आकडा निघालेला त्या गावानं तोवर ऐकला नव्हता. साहेबांना यातलं काहीच कळलं नाही. त्यांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. पडद्यावर आत्या आली, रांगोळीवर वाकलेली, हसणारी, समोर आठ दाणे. "आजी, हे तुम्हीच ना?"

"व्हय, म्याच."

"मग त्या दिवशी खोटं बोललात का आज बोलताय?"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं मी काहीतरी सांगेन. मी सांगितलंसुद्धा, पुरचुंड्यांचं, सगळं, ओरडून ओरडून सांगितलं. कंपनीचा एकजण हसू दाबत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." आत्या खाली बसली. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. गावात दिवे लागणार होते, पाच-पंचवीस पोरांना काम लागणार होतं. हात वर झाले.

आठ दिवसांनी मी पहाटेची एसटी धरून पुण्याला गेले. सर ऑफिसातच होते. मला बघून उठले, चहा मागवला. मी म्हणाले, चहा नको, आत्याच्या पुरचुंडीचं काय केलंत ते सांगा.

"ते घेता येत नव्हतं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर झालेली नोंदच पद्धतीत धरतात. मागून आलेली धरली, तर आकडे फिरवले असं म्हणतात."

"मग त्या दिवशी घेतल्यात कशाला?"

"तू इतक्या आशेनं आणल्या होत्यास. नाही म्हणवलं नाही."

अहवाल त्यांच्या टेबलावरच होता. मी तो ओढून घेतला. इंग्रजीत होता, मला वाचता येतं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ऊर्जा प्रकल्पासाठी कमी वापराची जमीन शोधणं हा अभ्यासाचा हेतू आहे. माळ राखण्याचं त्यात कुठं नाव नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला सांगितलं असतं तर लोक मोकळेपणानं बोलले नसते."

हे ते तशाच हळू आवाजात म्हणाले, ज्या आवाजात आत्याला 'का' विचारायचे. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर बसून समजलं. एखादा दांडगट माणूस असता तर मी भांडले असते. हा माणूस आमच्याच ओट्यावर बसून चहा पिऊन गेला होता आणि त्याला आजही आमच्याबद्दल वाईट वाटत होतं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसला हा प्रकार.

निघताना मला खिडकीतली काचेची बरणी दिसली. तिच्यात तूर होती. अकरा पुरचुंड्या सोडून एकात ओतलेल्या. फडक्यांच्या चिंध्यांची फुलं करून बरणीच्या गळ्याला बांधली होती, त्यात आत्याच्या लुगड्याचा तुकडा होता. "ती प्रदर्शनासाठी आहे," सर मागून म्हणाले. मी म्हणाले, "आमची तूर आहे," आणि बरणी उचलून चालायला लागले. त्यांनी अडवलं नाही.

आत्यानं बरणी सुपात उपडी केली. दाण्यांवरून हात फिरवला. "ह्यातल्या माझ्या कोणच्या?" तिनं विचारलं. सरांनी मला फसवलं होतं, पण तिला फसवणारी मी होते, कारण तिनं पुरचुंडी माझ्या हातात दिली होती. मी तसं म्हणाले. ती म्हणाली, "व्हय." नाही म्हणेल, पाठीवरून हात फिरवेल असं मला वाटलं होतं. ती व्हय म्हणाली आणि सूप घेऊन चुलीकडं गेली. त्या तुरीच्या तिनं घुगऱ्या केल्या आणि अकरा घरी वाटून टाकल्या. अन्न होतं, टाकायचं कशाला, म्हणाली. माझ्या वाटीतल्या मला गिळवल्या नाहीत.

पावसाळा संपेपर्यंत माळाला तारेचं कंपाउंड झालं. झिरपा आत गेला. आत्या काही दिवस रस्त्याच्या कडेनं, बांधाबांधानं शेळ्या हिंडवत राहिली. लोकांची बोलणी खाल्ली. मग बाजारवारी सुरू झाली. आधी बोकड गेले, मग कानफाटी, तिरकी, मग सासूबाई. सासूबाईला न्यायला आलेल्या माणसाला तिनं जाता जाता एक ढुशी दिली, तेवढंच समाधान. संध्याकाळी दारात उभी राहून आत्या नावं घ्यायची, त्यातली एकेक गळत गेली. आता भुंडी, चांदी, लाडकी आणि लाडकीची पाट, म्हणजे तिची तरणी लेक, एवढंच म्हणायला तिला वेळ लागत नाही. ती गहू निवडते, माझ्या आईला स्वैपाकात हात लावते आणि चहाला साखर किती घालू ते आईला विचारते.

गेल्या महिन्यात जनावरांची नोंद करणारा माणूस दारात आला. जळकोटकडचा, पन्नाशीतला, बोलायला गोड. आत्या ओट्यावर निवडत बसली होती.

"मावशी, शेळ्या किती?"

"चार," आत्या म्हणाली.

तो हसला. "आमीबी ह्याच भागातले हाओत, मावशी," म्हणाला, आणि कागदावर बारा लिहून पुढच्या घराकडं गेला.